बंद पडणारी गाडी आणि चालवणारी बाई

कुणाचीही गाडी बंद पडली की लोक बॉनेट उघडून बघतात. माझी गाडी बंद पडली की लोक माझ्याकडे बघायचे. हे मी अजून विसरलेली नाही आणि विसरायचा विचारही नाही.

मी डहाणूला शाळेत शिकवते आणि जवळच्या वरोर गावात आईबरोबर राहते. आईच्या किडन्या निकामी झाल्यापासून तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला वापीला न्यावं लागतं. आशागडवरून हायवेला लागायचं, तलासरी मागे टाकायची आणि वापी गाठायची. या फेऱ्यांसाठीच मी सेकंडहँड गाडी घेतली, चालवायला शिकले. वर्षभर सगळं ठीक चाललं. मग एक दिवस तलासरीच्या अलीकडे चालत्या गाडीचं इंजिन गपकन बंद झालं. स्टिअरिंग जड, ब्रेक जड, मागून ट्रकचा हॉर्न आणि शेजारी डोळे मिटून बसलेली आई. कशीबशी कडेला घेतली. थोड्या वेळाने चावी फिरवली, तर काही झालंच नाही अशा थाटात गाडी सुरू.

मग हे वरचेवर व्हायला लागलं. आणि होणार कधी, तर फक्त वापीला जाताना. परतताना नाही, शाळेत जाताना नाही, बाजारात जाताना नाही. माझा भाऊ ठाण्याला असतो. त्याला यातच सगळं उत्तर सापडलं. म्हणाला, आई शेजारी बसली की तू घाबरतेस आणि क्लचवरचा पाय चुकतो. हायवेवर साठच्या वेगात गाडी क्लचमुळे बंद पडत नसते, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. तो हं हं करायचा, लहान मुलाचं ऐकून घेतात तसं. शेवटी त्याने परस्पर ठरवून टाकलं, की पुढच्या महिन्यात आईला ठाण्याला न्यायचं आणि डायलिसिस तिकडेच करायचं.

आईला वरोर सोडायचं नव्हतं. जन्मभर तिने डहाणूच्या बाजारात मासळी विकली. ठाण्याच्या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये ती दोन दिवसांत कावते, बोलायला माणूस शोधत जिन्यात जाऊन बसते. पण अशा गाडीतून तिला न्यायचं तरी कसं? रिक्षा, ट्रेन, पुन्हा रिक्षा हे डायलिसिसनंतर तिला झेपत नव्हतं. गाडी दुरुस्त झाली नाही तर आईचं घर सुटणार, इतकं सरळ होतं ते.

म्हणून मी गाडी शहरातल्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. काचेचा दरवाजा, एसी, कॉफी. टेबलामागच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, सर नाही आले का? गाडी माझी, चालवते मी, बंद पडते माझ्या हातात, आणि याला सर हवे होते. त्यांनी कॉम्प्युटर लावला, त्यात एक बिघाड दाखवला. सेन्सर बदलला. पुढच्या खेपेला दुसराच बिघाड दाखवला. मग पेट्रोलचा पंप बदलला, मग बॅटरी. दर वेळी त्यांचा माणूस एक चक्कर मारून यायचा आणि सांगायचा, मॅडम, गाडी एकदम ओके आहे, तुम्ही जरा रिलॅक्स होऊन चालवा. शेवटच्या खेपेला त्यांनी डॅशबोर्डवर सेंटची बाटली लावून दिली. गाडीत वास येतो म्हणे. देणारा नाकाला रुमाल लावून उभा होता.

वास येत असणारच. मासळीच्या घरात वाढलेल्या माणसाला तो वेगळा जाणवत नाही, एवढंच. आई कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाही, डायलिसिसलाही नाही. तिथली सिस्टर केरळची, मासे खाणारी, म्हणून आई दर खेपेला तिच्यासाठी ताजी मासळी बर्फ घालून पिशवीतून न्यायची. डिकीत ठेव म्हटलं तर ऐकायची नाही. कोळणीचा माल तिच्या दोन पायांच्या मध्ये असतो. टेम्पोतून बाजाराला जाताना तिने पाटी कधी नजरेआड होऊ दिली नाही, मग मुलीच्या गाडीत कशी होऊ देईल?

महिना संपत आला आणि एका सकाळी गाडी तलासरीला बंद पडली ती पडलीच. आईला रिक्षात बसवून पुढे पाठवलं, सिस्टरला फोन करून तिला उतरवून घ्यायला सांगितलं. आजारी बाई एकटी रिक्षाने जाताना बघून मला रडू फुटायचं बाकी होतं. एका टेम्पोने गाडी दोरीने ओढत हायवेवरच्या गॅरेजात आणून सोडली. तिथल्या इलेक्ट्रिशियननेही आधी विचारलं, चालवतं कोण? मी म्हटलं, मी. तो "हं" म्हणाला. तो हं मला आता पाठ झाला होता.

पण त्याने स्कॅनर लावला, काढला, परत लावला. गाडी स्कॅनरला उत्तरच देत नव्हती. म्हणाला, सेन्सर वगैरे सोडा, इंजिनाचा कॉम्प्युटरच बोलत नाही. मी विचारलं, तो असतो कुठे? त्याने बोट दाखवलं. डाव्या सीटसमोर, पायाशी, पॅनेलच्या आत. तिथे आईची पिशवी गडबडीत तशीच राहिली होती. मी तिच्याकडे बघतच राहिले. मग पिशवी उचलली, मॅट ओढून काढली आणि खालच्या गालिच्यावर हात दाबला. बोटांमधून पाणी वर आलं. खारट, मासळीचं पाणी.

त्याने पॅनेल काढलं. कॉम्प्युटरच्या जोडणीच्या पिना हिरव्या पडलेल्या, एक तर त्याच्या हातातच तुटून आली. आता सगळं लख्ख दिसत होतं. जाताना बर्फ वितळायचा आणि पाणी तिथे झिरपायचं. येताना पिशवी सिस्टरकडे गेलेली असायची. माझी भीती नाही, माझा पाय नाही. आणि त्या काचेच्या दुकानातल्या लोकांना वास आला होता! त्यांनी वास येतो म्हणून बाटली लावली, पण येतो कुठून म्हणून मॅट उचलली नाही. कोळ्यांच्या गाडीला वास येणारच, त्यात काय बघायचं? या गोष्टीचा मला आजही इतका संताप येतो, की ती बाटली मी तिथल्या तिथे कचऱ्यात फेकली याचंही समाधान वाटत नाही.

जुना कॉम्प्युटर चालणार नव्हता. भंगारातला आणून बसवला तर गाडी आपल्याच चावीला ओळखत नाही, म्हणून नवा मागवला. इलेक्ट्रिशियनने जोडणी बदलली, लॅपटॉप लावून चावीची ओळख पटवून दिली आणि कॉम्प्युटर पाणी पोचणार नाही असा वर बांधला. भावाला फोन केला. तो म्हणाला, बिचारी आई, तिला काय माहीत असणार. मी वाट बघत राहिले. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. वर म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना, काहीतरी गडबड आहे.

ठाण्याचा बेत बारगळला आणि पुढच्या खेपेला मासळी थर्माकोलच्या डब्यात, डिकीत. आई सारखी मागे वळून बघत होती. तलासरी मागे पडली, गाडी नीट चालत होती. मग ती समोर बघत म्हणाली, "बाय, मलापण वाटायचं, तुझाच पाय चुकतो."

माझं डोकंच फिरलं. भाऊ सोडा, सर्व्हिस सेंटर सोडा, पण हिनेही? मी विचारलं, "मग दर वेळी माझ्या शेजारी कशाला बसत होतीस?"

"ठाण्याला जगण्यापेक्षा तुझ्या गाडीत मेलेलं बरं," ती म्हणाली.