तिसऱ्या प्रकरणाची बाही

शिवणाच्या दुकानात दिवसभरात जेवढ्या चिंध्या पडतात, तेवढेच किस्से पडतात. चिंध्या आम्ही उशीत भरतो. किस्से मी कादंबरीत भरले.

हसा! सातवी शिकलेली बाई कादंबरी लिहिते म्हटल्यावर सगळे आधी हसतातच. माझी कादंबरी विनोदीच आहे. लोक नाव ऐकूनच हसायला लागले तर माझी तेवढी मेहनत वाचली!

दुकान गारखेड्यात, शबानाआपाचं. कटिंग आपा करते, मशीन मी चालवते. हातशिलाई आणि गावभरच्या बातम्या छायाकाकूंकडं. लिहायला मी कागद विकत आणत नाही. कापड ज्या खाकी कागदात गुंडाळून येतं, त्याची आतली बाजू कोरी असते. ती माझी वही.

*

आमच्या मशीनला मोटर आहे. लाइट गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद की माझं लिहिणं चालू.

आपा वैतागायची. "लाइट गई तो मेरा काम बंद, तेरा चालू! लाइटवाले तेरे रिश्तेदार हैं क्या?"

एकदा सलग चार दिवस लाइट गेलीच नाही. कादंबरीतल्या जाड्या मुलीचं लग्न मोडायच्या बेतात होतं आणि प्रकरण तिथंच अडलेलं. पाचव्या दिवशी दुपारी फटकन मशीन थांबलं. बघते तर आपा मेन स्विचपाशी उभी!

"देखती क्या है? लिख जल्दी! उस मोटी का लगन होता के नई, मेरेकू मालूम होना!"

*

कादंबरीत एक हातशिलाईवाली आहे. छायाकाकूंना पहिल्या ओळीतच कळलं ती कोण.

"मला एवढी जाडी दाखवतीस? बारीक कर!"

केली. शिवणकामात बारीक करायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं, तर काकूंचं तोंड उतरलेलं.

"ही कोण बाई? मला का काढलंस गं?"

*

एक रिटायर्ड मास्तर बायकोचा ब्लाऊज न्यायला आले. आपानं कौतुकानं सांगितलं, ही लिहिते म्हणून. मास्तर खुर्ची ओढून बसले.

"तुमच्या लेखनावर प्रभाव कोणाचा?"

"सासूबाईंचा."

मास्तर लई हसले. मी विनोद केलाच नव्हता.

माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, माझ्या चार वर्षांच्या लेकीला, परीला घेऊन पैठणच्या एसटीत बसल्या होत्या. मी मागच्या सीटवर. कंडक्टर म्हणाला, "आजी, पोरगी मोठी दिसती. हाफ तिकीट लागंल."

"बसलीय माझ्या मांडीवर. मांडी काय सरकारची हाय का?"

सगळी गाडी हसली. कंडक्टरपण हसला. आता सांगा, अशी बाई घरात असताना प्रभाव बाहेरून कशाला आणू?

तिसरं प्रकरण अख्खं त्यांचंच आहे. आणि भीती पण तिथंच. नवरा चितेगावला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. अंगणवाडीचे तास सोडले तर परीला दिवसभर सांभाळतात आत्याबाई. त्यांना राग आला की त्या पिशवी भरून पैठणला बहिणीकडं जातात. कादंबरी वाचून गेल्या आणि परत आल्याच नाहीत, तर परीला कोण बघणार? माझं मशीन सुटणार आणि लिहिणंपण.

म्हणून घरी सांगितलं होतं, मापं लिहिते.

"एवढी मापं?" आत्याबाई म्हणायच्या. "सगळ्या गारखेड्याचे ब्लाऊज तूच शिवतीस व्हय?"

*

मी भित्री आहे, हे लपवत नाही. दुकानातून घरी चारदा फोन करते. परी जेवली का, झोपली का, गॅलरीचं दार लावलंय का.

एकदा तिला सणकून ताप आला. दोन दिवस मी उशाशी. एका हातानं कपाळावर पट्टी, दुसऱ्या हातानं लिहिणं. कादंबरीतलं सगळ्यात हसवणारं प्रकरण तेच.

छायाकाकू बघायला आल्या आणि कागद बघून चिडल्या. "लेकरू तापलंय आन तू हसायचं लिहितीस? आई हायस का कोण?"

"काकू, मी रडत बसले तर पट्ट्या कोण बदलंल? लिहीत होते म्हणून जागी राहिले."

काकूंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "पट्टी मी बदलते. तू वाच मोठ्यानं."

*

आपानं बळंबळं मला एका साहित्याच्या कार्यक्रमाला नेलं. मी एक प्रकरण वाचलं, लोक हसले. मग स्टेजवरचे एक चष्मेवाले साहेब म्हणाले, "छान. पण शिक्षण कमी पडतं हो. एखाद्या जाणकाराकडून नीट करून घ्या."

माझी नजर सवयीनं खाली गेली.

"साहेब, तुमची पँट कुणी आल्टर केली?"

"का?"

"डावा पाय दोन बोटं आखूड झालाय. तोपण कुणी जाणकारच असंल!"

परत त्यांनी बोलावलं नाही. मीपण वाट बघितली नाही.

*

आता शेवटचा किस्सा.

एके दिवशी अंगणवाडीतून फोन आला, परी पडली. मी मशीन सोडून पळाले. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. तेवढ्यात इकडं दुकानात आत्याबाईंची पैठणची बहीण आली. तिथला शिंपी शिवतो चांगलं, पण कापतो वाकडं. म्हणून मावशींना आपाच्या हातचं ब्लाऊजचं कागदाचं कटिंग पाहिजे होतं. आपानं टेबलावरचा खाकी कागद ओढला आणि कापला. पाठ, पुढचे भाग, आणि बाही. कागदाची बाही एकच कापतात. कापड दुहेरी घालून त्यावर ठेवलं की दोन निघतात.

मी परत आले तर तिसरं प्रकरण पैठणला निघून गेलेलं!

"माफ कर," आपा म्हणाली. "लेकिन फिटिंग एक नंबर आएगा!"

पुढच्या शनिवारी आत्याबाई पिशवी भरून पैठणला गेल्या. परी मला विचारत राहिली, "आजी येणार ना?"

रविवारी संध्याकाळी आल्या. चहा घेतला. मग पिशवीतून खाकी गुंडाळी काढून माझ्यापुढं ठेवली. पाठ होती, पुढचे भाग होते.

"ताईच्या नातीनं वाचलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं."

आता मापं म्हणून सांगायचं नाही, असं ठरवलं.

"आत्याबाई, ते मीच लिहिलंय. आन मी खोडणार नाही."

मी तुकडे जुळवले.

"बाही कुठंय?"

"माझ्यापाशी."

"द्या ना. तिच्याबिगर प्रकरण पुरं होत नाही."

"न्हाय देत. कंडक्टरचं भांडण बाहीवर हाय."

उठल्या, ट्रंक उघडली, ठेवणीतल्या लुगड्याखाली बाही सरकवली आणि कुलूप लावलं. परीला कडेवर घेतलं. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आन काय गं, ब्लाऊजला बाह्या दोन असत्यात. दुसरी कधी लिहितीस?"