दोनशे सोळा फोटो आणि कौसामावशी

द्वारका चौकात हार घ्यायला कुणीही आलं, की कौसामावशी आधी विचारायची, “देवाला का फोटोला?” फोटोला म्हटलं, की लगेच पुढचा प्रश्न, “केवढा हाय फोटो?” गिऱ्हाईक हातांनी माप दाखवायचं आणि मावशी तेवढा दोरा तोडायची. देवाच्या फुलांचा कुणी वास घेतला, तर त्याची धडगत नसे. एका टापटिपीच्या साहेबांच्या हातातून तिने शेवंती काढून घेतली होती. “उष्टी केली ना तुम्ही. आता ही बायकोलाच द्या,” म्हणाली. साहेब निमूटपणे तीच फुलं विकत घेऊन गेले.

मी त्या वर्षी रोज एक फोटो काढायचं ठरवलं होतं, एकही दिवस न चुकवता. कॅमेरा नवा होता आणि ऑफिसची बस जिथे थांबायची, तिथे समोरच मावशी बसायची. सुरुवातीचे माझे फोटो आज बघवत नाहीत. सगळे झेंडू पांढरेफटक. मावशीने ते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिले, तोंड वाकडं केलं आणि टोपली जराशी फिरवून ठेवली.

“फुलाला कडंनं ऊन दाखवायचं, पोरी,” ती म्हणाली. “समोरून दाखवलं की लय शिळं दिसतं.”

उजेड कसा बघायचा, हे मी त्या टोपलीपाशी शिकले. मग मात्र मला चेव चढला. ओल्या फडक्यावरचे थेंब, सुईत दोरा ओवणारी बोटं, पाठमोरा अंबाडा, फुटपाथवर पडलेली लांब सावली. मैत्रिणी वाहवा करू लागल्या. तुला नजर आहे, असं कुणीतरी म्हटलं आणि मला ते खरं वाटलं.

वर्ष संपायला तीन महिने उरले असताना मावशी तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी तिच्या जागेवर तिची मुलगी सविता उभी होती, टोपलीशिवाय. मावशी मळ्यात पाणी भरता भरता खाली बसली ती उठलीच नाही, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, “ताई, आईचा एक फोटो द्या. दहाव्याला ठेवायला. घरात कुणी मोबाइल धरला की पदर ओढायची. तुम्हालाच तेवढं काढू द्यायची.”

मी तिथेच फुटपाथवर बसले आणि लॅपटॉप उघडला. मावशीचे दोनशे सोळा फोटो निघाले. बोटं होती, बांगड्या होत्या, सावल्या तर विचारूच नका. चेहरा एकाही फोटोत नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतले. सविता शेजारी उकिडवी बसून प्रत्येक फोटोला म्हणत होती, पुढच्यात आसंल.

मावशी एकदा स्वतःहून म्हणाली होती, एक दिवस तोंडाचा बी काढ. तसले फोटो आधार कार्डाला काढतात, असं मी तिला हसत हसत सांगितलं होतं. तीही हसली होती. हे मी सवितेला सांगू शकले नाही. मला माझी शरम वाटली, अजून वाटते.

शेवटी खरोखरच आधार कार्डावरचा फोटो घेऊन आम्ही दोघी एका पेंटरकडे गेलो. तो फोटो इतका काळवंडलेला, की डोळे तेवढे कळत होते. पेंटर बारकाईने एकेक विचारत होता, सविता सांगत होती. सांगता सांगता तिला रडू आलं, तेव्हा तो माझ्याकडे वळला. गोंदण होतं का, त्याने विचारलं. निदान एवढं तरी मला नक्की माहीत होतं.

“होतं. कपाळावर,” मी म्हणाले.

सवितेने डोळे पुसले. तिच्या आवाजात राग नव्हता.

“कपाळावर नाय, ताई,” ती म्हणाली आणि स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. “हितं होतं.”