नोट्समधलं ते पान

गुलमंडीत कापडाच्या दुकानावरच्या माडीत मी कित्येक वर्षं इंग्रजी बोलण्याचे क्लास घेतो. मराठीत एकच अर्थ असलेल्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या, ही माझी खासियत. त्या नोट्स हातात धरल्या की आता मला माझीच किळस येते.

माझी पद्धत अशी होती. जोडी शिकवायची, मग प्रत्येकानं स्वतःच्या आयुष्यातली दोन वाक्यं लिहायची. चांगली असली की वहीतलं पान, नाव झाकून, जसंच्या तसं झेरॉक्स करून नोट्समध्ये.

एकदा ‘रिफ्यूज’ आणि ‘डिनाय’ शिकवलं. दोन्हीला आपण ‘नाकारणं’ म्हणून मोकळे होतो. पण एकात समोर आलेली गोष्ट नको म्हणायची, दुसऱ्यात घडलेलं घडलंच नाही म्हणायचं. वर्गात गंगापूरची एक बाई होती. नवऱ्याला सोडून इथं बहिणीकडं लपून राहिलेली, दवाखान्यात रिसेप्शनची नोकरी मिळावी म्हणून शिकणारी. तिनं लिहिलं : मारतो हे नवरा ‘डिनाय’ करतो. परत जायला मी ‘रिफ्यूज’ करते.

मला बाई दिसलीच नाही, दोन बिनचूक वाक्यं दिसली. मी ती मोठ्यानं वाचली.

“मॅडम लई डेंजर हाय राव!” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही.

नोट्स वाटल्या त्या दिवशी ती जिन्यात थांबली होती.

“सर, तेवढं पान काढा ना.”

“अहो, नाव कुठंय तुमचं त्यात?”

“अक्षर माझंच हाय ना. वळखणारे वळखतेत.”

“आता प्रती निघाल्यात,” म्हणून मी वर गेलो.

पुढच्या बॅचला तिची नणंद होती, हे मला कळलं तेव्हा त्या गंगापूरच्या बाईचा नवरा माझ्यासमोर बसला होता. ते पान घडी करून खिशात.

“आमचं माणूस कुठं ऱ्हातंय, सर?”

त्यानं धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. तरी मी प्रवेशाचा फॉर्म काढला आणि तिच्या बहिणीच्या नव्या खोलीचा पत्ता वाचून दाखवला. वर चहा पाजला.

ती पुन्हा आली नाही. मुलाखतीलाही गेली नाही; दवाखान्यातून मलाच फोन आला, तिनं माझा नंबर दिला होता.

पान मात्र मी ठेवलं. वाक्यं चांगली होती ना! परवा एका मुलीनं विचारलं, “सर, हे अक्षर कुणाचं?”

“काय माहीत,” म्हणालो आणि फळा पुसत राहिलो.

माहीत आहे. तिचं आहे. आणि पत्ता मी दिला.