कमानीवरचा जोडा

परवा धारला नातवाच्या घराला चुना लावत होते. त्या ओल्या वासानं मी सरळ देवासला पोचलो. तेव्हा स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी गवंडी होतो, आणि इटलीहून आलेल्या एका पादरीबाबांचं चर्च बांधत होतो.

दाराची कमान पुरी झाली. खालचे लाकडी टेकू काढण्याआधी, नजर लागू नये म्हणून मी वर फाटका जोडा टांगला. बाबा भडकले.

"मिस्त्री, ये भगवान का घर है! उतारो!"

"जोडा उतरला तर मीपण उतरतो. टेकू तुम्हीच काढा."

"भिया, रोजी जाईल," जोडीदार पुटपुटला. जाऊ दे म्हटलं.

बाबांनी आतून आपल्या गावच्या शेकडो वर्षं जुन्या चर्चचं चित्र आणलं. काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे, दाराशी सिंह.

"देखो, भगवान का घर ऐसा होता है."

मी चित्रातल्या दारावर बोट ठेवलं. तिथं जीभ काढलेलं एक वाकडं तोंड कोरलं होतं. "आणि हे?"

बाबा हसू लागले. "वो... बुरी नजर के लिए."

टेकू निघाले. कमान राहिली, जोडाही राहिला.

तेव्हा वाटलं, मी जिंकलो. आता वाटतं, तिकडेही कोणी मिस्त्री असाच अडून बसला असेल, आणि तिथल्या पादरीबाबांनीही शेवटी ऐकलं असेल.