खरवडलेला कोपरा

आपल्या मासिकातलं अद्भुत अनुभवांचं हे सदर मी नेमाने वाचतो, आणि आजवर वाचून हसत आलो. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला जे मोजता येत नाही ते मानवत नाही. मी कॅथलिक असल्यामुळे चमत्कार होतच नाहीत असं म्हणायची मला सोय नाही. पण ते फार पूर्वी, फार लांबच्या मुलखात होऊन गेले, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. नगरमध्ये, लख्ख उन्हात, सकाळी अकरा वाजता असलं काही होईल आणि ते माझ्याच बाबतीत होईल, हे डोक्यातही नव्हतं. हकीकत लिहायला तीन वर्षं लावली, कारण ती सांगायची तर आधी दुसरं काहीतरी सांगावं लागतं. ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

नगरहून भिंगारकडे जाताना डाव्या हाताला एक काळ्या दगडाची, बसकी, लांबलचक इमारत लागते. आज तिथे धान्याचं गोदाम आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी ते आमचं हायस्कूल होतं. जर्मन फादरांनी खेड्यांतल्या ख्रिस्ती मुलांसाठी काढलेलं. पुढे शहरातली मराठ्यांची, मारवाड्यांची, मुसलमानांचीही मुलं येऊ लागली. शाळा युद्धामुळे बंद पडली, असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे.

आमच्याकडे ड्रॉइंग आणि सुतारकाम शिकवायला ब्रदर कॉनराड होते. साडेसहा फूट उंच, लाल दाढी, आणि मराठी मात्र अस्सल नेवाशाकडच्या खेड्यातली. जर्मनीहून आल्यावरची पहिली दहा वर्षं त्यांनी तिथे काढली होती आणि भाषा शेतकऱ्यांकडूनच उचलली होती. नवा विद्यार्थी त्यांचं पहिलं वाक्य ऐकून हमखास हसायचा. त्यांचा एक नियम होता. शाळेत जो तक्ता, जे चित्र, जो नकाशा भिंतीवर लागेल, त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात काढणाराचं नाव पाहिजे. "नाव न्हाई ते चित्र पोरकं," म्हणायचे. नाव ते स्वतःच घालून द्यायचे. आधी पट्टीने शिरोरेघ आखायची, दोन्हीकडे बोटभर जास्त, आणि मग तिला धुणं वाळत घातल्यासारखी एकेक अक्षर टांगायची. मुलं त्याला 'ब्रदरची दोरी' म्हणत.

एका वर्षी मी सातवीच्या मुलांना घेऊन नगर शहराचा आणि आसपासचा मोठा नकाशा केला. कापडावर डकवलेला जाड कागद, सहा फूट रुंद. सीना नदी, किल्ला, वेशी, रेल्वे, भिंगार. छावणीचा भाग मोजायला आम्हाला कोण जाऊ देणार? माझा साडू भिंगारला लष्करी कचेरीत कारकून होता. त्याच्याकडच्या एका जुन्या आराखड्यावरून तो भाग मी उतरवून घेतला. अगदी बराकीसुद्धा. मनात काही वाईट नव्हतं... नकाशा पुरा व्हावा, इतकंच. ब्रदरांनी रंग भरले, कोपऱ्यात दोरी आखली आणि लिहिलं : यो. भा. साळवे.

युद्ध सुरू झालं त्याच महिन्यात फादरांना आणि ब्रदरांना न्यायला पोलीस येणार, ही बातमी शाळेत आदल्या दिवशीच पोचली. जर्मन म्हणून. त्यात कुणाचा काही गुन्हा नव्हता. पण मला रात्रभर तो नकाशा दिसत राहिला. बराकी, रस्ते, आणि खाली माझं नाव. सकाळी प्रार्थनेच्या आधी मी भूगोलाच्या खोलीत गेलो आणि पेन्सिली तासायच्या ब्लेडने तो कोपरा खरवडला. नकाशाच का काढून टाकला नाही? भिंतीवर मोकळी जागा दिसेल म्हणून. भ्यालेला माणूस असाच विचार करतो.

दुपारी दोनच्या सुमाराला एक गोरा अधिकारी आणि आपल्याकडचा एक इन्स्पेक्टर वर्गावर्गांतून फिरले. नकाशापुढे थांबले. अधिकाऱ्याने छावणीवर बोट ठेवलं, मग ते सरकवत सरकवत कोपऱ्यापर्यंत आणलं.

"हा कोणी काढला?" इन्स्पेक्टरने विचारलं.

त्यांच्यापुढे आम्ही दोघेच उभे होतो, मी आणि ब्रदर. मला नुसतं 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर. माझ्या नखांत कागदाचा भुगा होता. मी हात पाठीमागे घेतला.

"म्या," ब्रदर म्हणाले.

"आणि नाव कोणी खरवडलं?"

"म्याच."

इन्स्पेक्टरला हसू आलं असावं, साहेबाच्या तोंडून 'म्या' ऐकून. पण त्याने ते लिहून घेतलं. नकाशाची गुंडाळी करून पोलीस घेऊन गेले, ब्रदरांनाही घेऊन गेले. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "मास्तर, सुतारकामाच्या खोलीची किल्ली खिळ्याला हाय."

बाकीचे फादर काही महिन्यांत जामिनावर बाहेर आले. ब्रदर आले नाहीत. नकाशाचं प्रकरण त्यांच्या नावावर होतं. त्यांना उत्तरेकडच्या नजरकैदेच्या छावणीत पाठवलं. गावात आमच्या शाळेला 'हेरांची शाळा' म्हणू लागले. पालकांनी मुलं काढली. शेवटी वर्ग निम्मे रिकामे झाले, तेव्हा लष्कराने कपड्यांच्या कोठारासाठी इमारत मागितली आणि द्यायला कुणी कां-कूं केली नाही. मी दुसऱ्या शाळेत लागलो. दर महिन्याला चर्चमध्ये पापांच्या कबुलीच्या पेटीपुढे गुडघे टेकायचो, रागावलो, खोटं बोललो, प्रार्थना चुकवली, असलं सगळं सांगायचो आणि हे एक गाळायचो. सात वर्षं.

युद्ध संपल्यावर इमारत परत मिळाली. नव्या फादरांनी मला बोलावलं. शाळेचं काय सामान उरलंय त्याची यादी करायची होती.

"शाळा पुन्हा सुरू करायचं मनात आहे," ते म्हणाले. "आधी सुतारकामाचे वर्ग. त्यासाठी ब्रदर कॉनराड हवेत. पण जर्मनांना जहाजाने परत पाठवताहेत. ते इथे राहावेत म्हणून मी अर्ज केलाय. अडतंय ते फक्त त्या नकाशावर. साळवे मास्तर, तुम्ही तेव्हा होतात. तुम्हाला काही माहिती?"

मी म्हणालो, "नाही, फादर."

किल्ल्या घेऊन मी तडक शाळेत गेलो. आमचे जुने शिपाई शेखचाचा लष्करानेही तसेच ठेवून घेतले होते, ते दारातच होते. "या मास्तरसाब! लगीनघरी उशिरा येतात तसे आलात. जेवणं उरकली!" म्हणून हसले. एकेक खोली उघडत गेलो. डांबराच्या गोळ्यांचा वास, रिकाम्या भिंती, जमिनीवर गठ्ठ्यांचे चौकोनी डाग. मग भूगोलाची खोली.

नकाशा भिंतीवर होता. त्याच जागी, त्याच दोन खिळ्यांना.

"चाचा, हा कुणी लावला?"

चाचा मागून आले आणि थबकले. "हे कुठून आलं? काल सांजेला मी स्वतः झाडू मारला हितं. भिंत कोरी हुती, मास्तरसाब. अल्लाकसम, कोरी हुती. किल्ली तर माझ्या कमरेला..."

मला भीती वाटली नाही. हे मला अजून नवल वाटतं. मी जवळ गेलो आणि उजव्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे शिरोरेघ होती, दोन्हीकडे बोटभर जास्त. तिला टांगलेली अक्षरं होती : यो. भा. साळवे.

खरवडलेल्या कागदावर शाई फुटते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. इथे एकही काना फुटला नव्हता. जुनं नाव राहून गेलं असेल म्हणावं, तर ते मी स्वतः ब्लेडने काढलं होतं. नकाशा उतरवून खिडकीत धरला. कोपऱ्यातून उजेड आरपार येत होता, कागद तेवढा पातळ झालेला, आणि त्या उजेडात अक्षरं काळीभोर. बोट फिरवलं. खरखर लागली नाही, काचेसारखं गुळगुळीत लागलं.

चाचांनी वाकून वाचलं. "तुमचंच नाव हाय की! आता शाळा बंद पडल्यावर घातलंत व्हय?"

मी नकाशा गुंडाळून घरी नेला आणि पलंगाखाली ठेवला. इथे तरी मी धावत फादरांकडे जायला हवं होतं ना? मी गेलो नाही. तीन दिवस वर्ग घेतले, जेवलो, झोपलो. साडूची नोकरी जाईल, माझी जाईल, लोक काय म्हणतील... तीच जुनी कारणं. चौथ्या दिवशी सकाळी गुंडाळी काखेत मारून गेलो आणि फादरांपुढे टेबलावर पसरली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. माझं स्टेटमेंट लिहून घेतलं आणि त्याच दुपारी मुंबईला तार केली. उत्तर आलं : जहाज परवाच सुटलं.

परवा. म्हणजे गुंडाळी माझ्या पलंगाखाली होती तेव्हा.

पोलिसांत चौकशी केली. जुने कागद कुठे गेले ते कुणालाच माहीत नव्हतं, असा नकाशा परत दिल्याची नोंदही नव्हती. लष्कराच्या लोकांनी असलं काही पाहिलंच नव्हतं. शाळा सुरू झाली नाही.

मी ब्रदरांना पत्र लिहिलं. सगळं. माफी मागितली, आणि शेवटी विचारलं, ते नाव तुम्ही लिहिलंत का? विचारायलाही लाज वाटली, कारण तेव्हा ते हजार मैलांवर तारेच्या कुंपणात होते. आठ महिन्यांनी उत्तर आलं. शिरोरेघा पट्टीने आखलेल्या.

"मास्तर, नाव म्या लिवलं न्हाई. म्या कसा लिवनार? पन शाई का फुटली न्हाई ते सांगतो. त्या दिशी सकाळीच म्या कोपरा बघितला हुता. खरवडल्याला कागद नखानं घोटला की पुन्ना शाई धरतो. तुमी वर्गावर हुता तवर म्या तो घोटून ठिवला. वाटलं, भ्या गेलं की मास्तर परत नाव घालतील. तुमाला सांगनार हुतो, पन जेवनाची घंटा झाली. मला तर त्ये नेनारच हुते, तवा मनाला लावून घिऊ नका. हितं सुतारकाम बरं चाललंय."

इतकंच. कोपरा कोणी घोटला ते कळलं. नाव कोणी लिहिलं, नकाशा त्या खिळ्यांना कोणी लावला, याचा मला आजही पत्ता नाही. चाचा गेल्या वर्षी वारले. शेवटपर्यंत भिंत कोरी होती असंच म्हणत राहिले.

नकाशा आता मी शिकवतो त्या शाळेत, माझ्या वर्गात लावला आहे. दर जूनमध्ये एखादा नवा मुलगा तोंड वर करून तो बघत राहतो आणि विचारतो, "गुरुजी, हा कोणी काढला?"

मी म्हणतो, "मी."