दोन स्कॅनर आणि जुबेदाबींचं घर

वीसेक वर्षांपूर्वीचा सोमवार... अमरावतीच्या ऑफिसात एक काच स्कॅन केली आणि आमचा स्कॅनर चुकतोय हे दिसलं.

विमानातून काढलेल्या फोटोंवरून आम्ही नकाशे करायचो. फिल्म स्कॅन करायला साधा टेबलावरचा स्कॅनर होता. नकाशाच्या कामाचा खास, महागडा स्कॅनर आठवडाभर ट्रायलला आला आणि दोघांची तुलना माझ्याकडे आली.

बारीक चौकटी कोरलेली काच दोन्हींत घातली. नव्यात रेषा सरळ. आमच्यात मध्येच लचकलेल्या... आतला दिवा सरकताना अडखळत होता.

त्याच स्कॅनरवरून आम्ही तेल्हाऱ्याजवळ होऊ घातलेल्या एका तलावाचा नकाशा करून दिला होता! पाणी कुठवर चढेल, ती रेषा त्यात होती. तीच फिल्म नव्यावर घेतली, उंची परत काढली. सपाट काळी जमीन... उंची हातभर चुकली तरी पाणी कुठल्या कुठे पसरतं. नव्या रेषेत तिथल्या जुबेदाबींचं घर पाण्यात जात होतं.

मोजणीच्या वेळी चार दिवस मी त्यांच्याकडेच जेवले होते. नकाशा झाल्यावर 'तुमचं घर पाण्यातून सुटलं' हे मीच त्यांना सांगितलं होतं.

ऑफिसातल्या सरांना सगळं सांगितलं. नोकरी गेलीच, असं धरून चालले होते. दोन्ही रेषा एकावर एक ठेवून त्यांनी बघितल्या आणि म्हणाले, "नकाशा आजच परत मागवतो. पण त्या बाईंना कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मी तेल्हाऱ्याच्या एसटीत बसले. त्या वर्षी त्या भागातून रोज कुणा शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी यायची. कपाशीचं पीक गेल्यापासून जुबेदाबींचे मालक, रहीमचाचा, कुणाशी बोलतच नव्हते. माझ्या एका वाक्यानं या माणसाचं काय होईल...

सांगितलं. जुबेदाबींनी सगळं घर एकदा नजरेखालून घातलं. रहीमचाचा उठून आत गेले आणि धास्तीनं मीही उठले.

ते पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले.

"घे पोरी, पानी पी. कावून इतकी भेऊन राहिली? तलाव भरल्यावर समजलं असतं, त लेकरं घेऊन कुठी गेलो असतो आमी?"

मी तिथंच रडले. पुढे त्यांचं घर बुडणाऱ्या घरांच्या यादीत आलं, उंचावर जागा मिळाली.

नकाशावर सही करताना आजही हात थबकतो, रेषा परत तपासते. थबकू दे... त्या थबकण्यासाठी मी रहीमचाचांची ऋणी आहे.