मागून धरलेलं हूड

सगळ्यात आधी मॅडमचं सांगतो. माझ्या बायकोच्या पीएचडीच्या गाईड. एकदा घडलेलं सांगायला लागलो की मी माझ्याच भीतीत गुंतत जातो, आणि ज्यांनी हात दिला त्या राहून जातात. मॅडम इथल्याच, छत्तीसगढच्या. कमी बोलतात, आणि त्यातलंही अर्धं रागावणं असतं.

मी नववीत शाळा सोडली. गोंदियाकडच्या खेड्यातून रायपूरला आलो, तेव्हापासून साडीच्या दुकानात आहे. साडी अंगावर कशी दिसेल हे बायांना दाखवायला आम्ही सेल्समन स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून आरशापुढे उभे राहतो. पहिल्यांदा लाज वाटते, मग वाटत नाही. बायको लग्नाआधीच बीए झालेली. ‘पोट्टा निर्व्यसनी आहे’ म्हणून तिच्या घरच्यांनी माझी नववी चालवून घेतली. पुढं ती एमए झाली, मग पीएचडी. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ती लिहीत बसायची, आणि मी फोडणी घालताना खोकला दाबायचो.

दीक्षांत समारंभाची सूचना आली, तिथून माझी झोप उडाली. पीएचडीवाल्यांना गाऊनवरून हूड घालतात. गळ्यातून घेऊन पाठीवर सोडायचं, रंगीत अस्तराचं कापड. ते घातलं की माणूस डॉक्टर. आजवर गाईडच घालायचे. यंदा गाईड आणि घरचं एक माणूस, दोघांनी मिळून घालायचं ठरलं. एकच माणूस.

रविवारी माझे मोठे साळे शंकर नगरातून आले. रेल्वेत साहेब आहेत. चहा घेता घेता म्हणाले, “स्टेजवर मी जातो, जवाईबुवा. तुम्ही खाली बसून मस्त फोटो काढा. वर कुलगुरू असतात, इंग्रजीत काही विचारलं तर? काहून आपली फजिती करून घेता?”

बायको कपबशा उचलत होती. ती काहीच बोलली नाही.

साळ्यांचं बोलणं मला लागलं नाही, तिचं न बोलणं लागलं. लांब अंबिकापूरच्या एका कॉलेजातून तिला शिकवायला बोलावणं आलेलं होतं. ती डॉक्टर होऊन निघून जाणार, आणि मी इथं आरशापुढे पदर घेऊन उभा. तिलाच मी वर नको असेन तर? विचारायची हिंमत झाली नाही. उत्तर खरं आलं असतं तर काय करणार होतो?

दोन दिवसांनी बायकोनं मॅडमची पुस्तकं परत द्यायला मला बूढ़ापाऱ्यात त्यांच्या घरी पाठवलं. मॅडम दारातच म्हणाल्या, “तो भैया, स्टेज पर आप आ रहे हैं ना?”

“साले साहब आएँगे, मैडम. मैं तो नौवीं तक ही पढ़ा हूँ.”

“मैंने मार्कशीट माँगी है क्या?” त्यांनी पुस्तकं हातातून ओढूनच घेतली. “घर का नाम मुझे देना है. मैं आपका दे रही हूँ. अब घबराना हो तो घर जाके घबराओ.”

मग आत जाऊन त्यांनी स्वतःच्या समारंभाचा जुना फोटो आणला. त्यात त्यांचे दोन्ही हात गळ्याशी होते. हुडाला पुढून एक छोटा फास असतो, तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. साडीला बटण कुठून येणार? त्यामुळे हूड मागं घसरतं आणि फास गळ्याशी येतो. “पीछे कोई होता तो पकड़ लेता,” म्हणाल्या, आणि हसल्या. मला हसू आलं नाही. त्या घरात दुसऱ्या कुणाची चाहूल नव्हती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बरं.” तेवढंच.

समारंभाच्या दिवशी तिनं पर्समध्ये सेफ्टी पिना नेल्या होत्या. हूड भाड्याचं, म्हणून पिना लावायला मनाई झाली. आमचं नाव पुकारलं. एका बाजूनं मॅडम, एका बाजूनं मी. हूड नीट बसलं. आता मी डावीकडच्या पायऱ्यांनी उतरायचं आणि तिनं पुढं कुलगुरूंकडे जायचं. ती दोन पावलं गेली आणि हूड घसरलं. तिचा हात गळ्याकडे गेला. मी तर पायरीशी पोचलोसुद्धा होतो.

“भैया, पकड़ो!” मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या.

मी वळून मागून हूड धरलं. बिल्लेवाला एक जण धावत आला, “सर, आप इधर से...”

“रुको ज़रा,” मॅडमनी त्याला तिथंच थांबवलं.

मग ती पुढं, मी मागं. ती वाकली, दोन्ही हातांनी पदवी घेतली. हॉलमध्ये कुठंतरी हशा झाला. मला स्पष्ट ऐकू आला.

बाहेर लॉनवर साळे म्हणाले, “वा जवाईबुवा! दुकानात रोज पदर घेता, आज बायकोचा पदर धरून अख्ख्या युनिव्हर्सिटीत फिरले!” सगळे हसले. बायकोही थोडी हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार?

परतताना स्कूटरवर मी शेवटी विचारलंच. “खरं सांग. माझ्या जागी भाऊ असते तर बरं झालं असतं ना?”

सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, “लोक हसले तवा वाटलं मले. एकडाव.” आणि सिग्नल सुटल्यावर, “पण तुम्ही मधातच सोडून द्याल का काय, याचं भेव जास्त वाटून राहिलं होतं.”

ती मला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. पहिलं वाक्य अजून टोचतं. पण ते बोलली म्हणूनच दुसरं खरं वाटतं.

आता ती अंबिकापूरला असते. एखाद्या दिवशी फोनला उशीर झाला की मी सारखा मोबाइल उघडून बघतो. खोलीत त्या समारंभाचा फोटो लावलाय. पदवी तिच्या दोन्ही हातांत, आणि खांद्याच्या मागं माझी फक्त बोटं.

मॅडम लवकरच रिटायर होतील. शाल-श्रीफळ देतील त्यांना, आणि साडीवर शाल कधी टिकत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? त्या दिवशी मी दुकानातून सुट्टी घेईन आणि त्यांच्या मागं जाऊन उभा राहीन. कुणी हसलं तर हसू दे. शाल घसरली की धरीन. त्यांनी “पकड़ो” म्हणायची वाट पाहणार नाही.